तरन्नुमचा रोजा

“पद्मजा, जरा तिकडे सरक बघू,” असं म्हणत संज्योतताई मी बसले होते त्याच बाकावर चढल्या आणि भिंतीतल्या खिळ्याला त्यांनी स्वतःची निळी चादर अडकवली. दुसरं टोक कपाटाच्या दाराला बांधलं. झाला पडदा तयार. पडद्याच्या आत तरन्नुम मुजावर आणि बाहेर मी, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून.

आतून बोलणं ऐकू येत होतं.

“पोटरीला हात लावू का? चालेल ना तुला?”

“चालंल की ताई.”

“नक्की? सलवार वर घ्यायची नसेल तर वरूनच दाबते. अवघडल्यासारखं वाटलं तर लगेच सांगायचं.”

“न्हाई वाटत, ताई.”

बर्फाचं पाणी होऊन माझ्या पायावरून ओघळायला लागलं होतं. मी मुद्दाम मोठ्याने खाकरले. “ताई, माझा गुडघा?”

“तू थांब गं जरा,” पडद्याआडून उत्तर आलं. “तुझं काय, घरचंच आहे.”

घरचंच! एवढा राग मला कुणी शिवी दिली असती तरी आला नसता.

विट्याच्या एका शाळेत आमचं मुलींच्या खो-खोचं शिबिर चाललं होतं. शेवटच्या दिवशी निवड समितीची माणसं येऊन जिल्ह्याचा संघ निवडणार होती. अठरा वर्षांखालच्या गटातलं माझं ते शेवटचं वर्ष. आदल्या वर्षी ऐन वेळी गुडघ्याने दगा दिला आणि मी घरी बसले. या वर्षी राहिलं असतं तर कायमचंच राहिलं असतं, हे मला आणि शिबिरातल्या प्रत्येकीला माहीत होतं.

संज्योतताई आमच्या ट्रेनर. म्हणजे पळायला शिकवायचे ते रणखांबे सर. पण कुणाचा पाय मुरगळला, कुणाचा स्नायू धरला, कुणी काय खायचं, दुखऱ्या पायाने मैदानात कधी उतरायचं, हे सगळं ताईंच्या हातात. ताई मूळच्या पुण्याच्या. आदल्या वर्षी माझा गुडघा त्यांनीच बरा केला. सहा-सात महिने मी दर शनिवारी त्यांच्याकडे जात होते. तेव्हा पडदाबिडदा काही नव्हता. “आण तो पाय इकडे,” म्हणायच्या आणि खसकन ओढायच्या. मी ओरडले की पाठीत धपाटा. “ओरड, अजून ओरड, तेवढीच फुप्फुसं मोकळी होतील.” माझ्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीवर तर त्यांचा हक्कच होता. त्या माझ्या होत्या. असं मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण होत्या.

आणि या वर्षी मिरजेहून ही तरन्नुम आली. उंच, सडसडीत, खांबाभोवती वळताना जमिनीला पाय लागतोय की नाही अशी शंका यावी इतकी हलकी. खेळातही ती माझ्या तोडीची होती, तेही एक दुखणं होतंच.

त्या वर्षी रमजान आणि नवरात्र मागोमागच सुरू झाले होते. ताई पुण्यात कसल्याशा अभ्यासवर्गाला जाऊन आल्या होत्या. खेळाडूवर उपचार करताना त्याचा धर्म, घर, रीतीभाती ध्यानात घ्यायच्या, असं काहीतरी तिथे त्यांना शिकवलं होतं. ते त्यांच्या अंगात पुरतं भिनलं होतं. शिबिराच्या पहिल्याच सकाळी त्यांनी सगळ्यांना मैदानावर गोल बसवलं.

“आपल्यात तरन्नुम आहे,” त्या म्हणाल्या. “रमजान चालू आहे. दिवसभर पाण्याचा थेंब न घेता ती आपल्याबरोबर खेळणार आहे. तेव्हा सराव पहाटे होईल. तिच्यासमोर कुणी खायचं-प्यायचं नाही. संध्याकाळी तिच्यासोबत सगळ्यांनी बसायचं. तरन्नुमसाठी टाळ्या!”

टाळ्या कडाडल्या. तरन्नुमने मान खाली घातली. मला वाटलं, लाजतेय.

मी मात्र तशीच बसून राहिले, कारण त्या सकाळी मीही ताईंना एक गोष्ट सांगायला निघाले होते. आमच्या घरी नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास आई धरते. तिच्या लग्नापासून एकदाही चुकलेले नाहीत. त्या उन्हाळ्यात तिचं मोठं ऑपरेशन झालं, पिशवी काढली. डॉक्टरांनी उपवासाचं नाव काढू नका म्हणून बजावलं. आई देवघरासमोर बसून मुकाट रडायला लागली, तेव्हा मी म्हटलं, या वर्षीचे मी धरते. घट बसले आणि मी शिबिराला आले. आता ताईंना सांगायचं, माझं खाणं जरा बघा, आणि आईचंही थोडं सांगायचं, एवढंच मनात होतं. पण त्या टाळ्या ऐकल्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला न सांगता सगळं मिळतं आणि मी जाऊन तोंड वेंगाडायचं? मुळीच नाही. विचारतील तेव्हा सांगेन, असं मी ठरवून टाकलं.

त्यांनी विचारलं नाही.

रोज न्याहारीला ताई स्वतः ताटं वाढायच्या. माझ्या ताटात दोन उकडलेली अंडी आपटायच्या. “खा, पद्मे. गुडघ्याभोवती मांस चढलं पाहिजे.” मी मान डोलवायची आणि ताईंची पाठ वळली की अंडी शेजारच्या ताटात सरकवायची. दिवसभर मी राजगिऱ्याच्या लाडवांवर आणि मूठभर शेंगदाण्यांवर काढत होते, तेही लपूनछपून. आणि संध्याकाळी सूर्य बुडला की ताई तरन्नुमसमोर खजुराची बशी घेऊन बसायच्या. एकदा मी पाहिलं, त्या तिला विचारत होत्या, “तुमच्यात आधी पाणी घेतात की खजूर?” मला कधी कुणी एवढ्या कौतुकाने काही विचारलं नव्हतं. पोटात दुखणं म्हणजे नेमकं काय, ते त्या दिवसांत मला कळलं. भुकेनं दुखतंय की तिच्यामुळे, हेही वेगळं करता येईना.

निवडीच्या आदल्या दिवशी दुपारी लाडू खायला म्हणून मी शाळेमागच्या पाण्याच्या टाकीकडे गेले. तिथे कुणी फिरकत नसे. कोपऱ्यावरून वळले आणि जागीच थांबले.

टाकीच्या सावलीत तरन्नुम उकिडवी बसली होती. एका हातात चपातीची गुंडाळी, दुसरा हात नळाखाली. घास कोंबायची, ओंजळीने पाणी प्यायची, पुन्हा घास.

खरं सांगते, मला इतका आनंद झाला की हसू आवरेना. सापडली!

“वा गं वा,” मी म्हटलं. “तिकडं ताई तुझ्यासाठी खजूर निवडायल्यात आणि इकडं तू रोजा मोडतीस?”

ती दचकली. घास घशात अडकला. खोकत खोकत म्हणाली, “मोडायला धरलाय कुठं?”

“म्हंजे?”

“म्हंजे न्हाईच धरला. अब्बा म्हणले, घराभाईर हाईस, दिवसभर पळायचंय, हितं धरू नगंस. राहिलेले रोजे थंडीत भरून काढ. आमच्यात चालतं तसं.”

“मग सगळ्यांसमोर नाटक कशाला करतीस?”

“मी करती?” ती उठून उभी राहिली. “पैल्या दिवशी ताईनी मला एका शब्दानं तरी विचारलं का? सगळ्यांला गोळा करून सांगितलं, हिचा रोजा हाय म्हणून. तुम्ही टाळ्या वाजवल्या. आता टाळ्या वाजवल्यावर उठून सांगू व्हय, की माझा न्हाई बाई रोजा, मला चहा पायजे?”

“नंतर सांगायचं.”

“नंतर पडदा आला. मग खजूर आले. माझ्यासाठी सगळ्या पोरी पहाटं उठायल्यात. दर दिवशी सांगायचं आणिकच अवघड व्हायलंय. तहानेनं जीव जातोय माझा.” तिने चपातीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि माझ्या हाताकडे पाहिलं. “तू का लपूनशान आलीस? लाडू तर तिथं बसून बी खाता येतोय की.”

मी मूठ मागे घेतली. पण तिने ओळखलंच.

“उपास हाय व्हय तुला? तरीच अंडी दुसरीच्या ताटात टाकतीस. मी खिडकीतनं बघतीय रोज.”

“तुला काय करायचंय?”

“ताईला सांगितलं न्हाईस?”

“त्यांनी विचारलं नाही.”

तरन्नुम हसायला लागली. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

“हसतीस काय? सगळं तुझ्याभोवतीच फिरतंय म्हणून हसू येतंय तुला. पडदा तुला, खजूर तुला. मी तिथं बर्फ धरून बसती ते कुणाला दिसत न्हाई.”

तिचं हसू एकदम गेलं. “तुला पायजे पडदा? घे की. तुझा पाय ताई कशा ओढत्यात मी पैल्या दिवशी बघितलं. न विचारता. पाठीत धपाटा काय, पद्मे काय. मला आजून एकदा बी ‘तरे’ म्हणल्या न्हाईत. बोट लावायच्या आदी धा वेळा विचारत्यात. मला वाटतंय, मी काचंचं भांडं हाय आणि ते बी दुसऱ्याच्या घरचं. तुझ्यावर किती जळती म्हाईत हाय का मी?”

हे मला अगदीच अनपेक्षित होतं. माझ्यावर जळायला काय आहे, हेच मला कळेना. पण कळलं असतं तरी त्या क्षणी मी ते मान्य केलं नसतं.

“उद्या ताईंना सांगून टाक,” मी म्हटलं. “न्हाईतर मी सांगीन.”

“निवड झाली की सांगती. आईशपथ.”

मी कबूल झाले. तिच्यावर दया आली म्हणून नव्हे. ताईंना जेव्हा कळेल तेव्हा मी तिथे हजर असावं, एवढीच माझी इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी निवड समितीची माणसं सकाळी येणार होती. ताईंनी तरन्नुमसाठीच तसं कळवलं होतं. पण ही माणसं आली उन्हं डोक्यावर आल्यावर. वाटेत गाडी बंद पडली म्हणाले. ऑक्टोबरचं ऊन म्हणजे अंगावर ओतल्यासारखं. ताईंचा जीव खालीवर व्हायला लागला. त्यांनी तरन्नुमला झाडाखाली बसवलं, डोक्यावर ओला रुमाल ठेवला आणि क्षणभरही तिच्यापासून हलल्या नाहीत. पाण्याची पिंपं त्यांनी मुद्दाम लांब नेऊन ठेवायला लावली, तिला बघायला नकोत म्हणून. तरन्नुमने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

मी पळती करून आले. जोर लागत नव्हता, पण बाद व्हायला वेळ लावला. मग तरन्नुमची तुकडी उतरली. सुरुवातीला तिने दोघी-तिघींना असं काही झुलवलं की समितीतली माणसं खुर्चीवरून पुढे सरकली. आणि मग खांबाला वळता वळता तिचा पाय आखडला, ती वाकली, आणि तशीच बाजूला कोसळली.

ताई धावल्या. आम्ही सगळ्या धावलो. रणखांबे सर पाण्याचा तांब्या घेऊनच आले. ताईंनी तिला सावलीत ओढलं, पाय उंच धरले, तोंडावर ओला रुमाल फिरवला. थोड्या वेळाने तरन्नुमने डोळे उघडले. ओठांवर पांढरी पापडी आली होती.

सर तांब्या पुढे करायला लागले तसा ताईंनी हात आडवा घातला. “सर, थांबा. तिला विचारल्याशिवाय नाही.” आणि तिच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी विचारलं, “तरन्नुम, पाणी घेशील? रोजा मोडेल. तुझ्या मनाविरुद्ध काही करणार नाही मी.”

भोवती सगळ्या मुली, समितीची माणसं, बघायला जमलेली शाळेची पोरं. तरन्नुमने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. आणि मान हलवली. नको.

“बघितलंत?” ताईंचे डोळे भरून आले. “केवढी जिद्द आहे पोरीची.”

आणि माझा बांध फुटला. “कसली जिद्द?” मी ओरडले. “तिचा रोजाबिजा काही नाही. तहान लागलीय तिला!”

 ताईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या थंड नजरेने त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

“पद्मजा, ही वेळ आहे का? तुझ्या पोटात काय दुखतंय ते मी पहिल्या दिवसापासून बघतेय. मला वाटलं होतं, तू समजूतदार आहेस.”

म्हणजे यांना ठाऊक होतं. मी जळतेय हे त्यांना दिसत होतं, आणि तरी त्यांनी येऊन एकदाही विचारलं नव्हतं की पद्मे, काय झालं? 

“हो, दुखतंय माझ्या पोटात. पण तुम्ही तिला पाणी घेतेस का ते विचारू नका. रोजा धरलायस का, ते विचारा. ते तुम्ही तिला अजून एकदाही विचारलेलं नाही.”

ताई तरन्नुमकडे वळल्या. “तू… तू रोजा धरला आहेस ना?”

तिने नुसता हात लांब केला, सरांच्या हातातला तांब्या ओढून घेतला आणि घटाघटा प्यायला लागली. पाणी गळ्यावरून, कपड्यांवरून वाहत होतं. तांब्या रिकामा झाला तेव्हा तिला हुंदका फुटला.

“तुम्ही इतकं करत हुता, ताई,” ती म्हणाली. “मला न्हाई म्हणवंना.”

ताई मटकन मातीतच बसल्या. अंगावरच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांसकट.

“आणि ताई,” तरन्नुम नाक पुसत म्हणाली, “उपास हिचा हाय. घट बसल्यापास्नं. तुमची अंडी एक बी हिच्या पोटात गेली न्हाईत.”

“अरे देवा,” रणखांबे सर कपाळाला हात लावून म्हणाले, “जिचा न्हाई ती उपाशी, आणि जिचा हाय तिला अंडी. हे शिबिर हाय का तमाशा?”

समितीतलं कुणीतरी हसलं. ताई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही का नाही विचारलंत?”

“तू आपल्यातली म्हणून…” त्या म्हणाल्या आणि वाक्य अर्धवटच राहिलं. मग म्हणाल्या, “उपवास कशासाठी?”

मी आईचं सांगितलं. ऑपरेशनचं, देवघरासमोरच्या रडण्याचं. आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं तिथे, भर उन्हात, परक्या माणसांदेखत बाहेर आलं. ताईंना आईचं काहीच माहीत नव्हतं. आदल्या वर्षी त्यांनी आईच्या हातची चटणी बरणीभर खाल्ली होती.

त्या उठल्या, तडक समितीच्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, “या दोन्ही मुलींची आजची चाचणी धरू नका. चूक माझी आहे. दोघींना मी उपाशी खेळवलंय. उद्या पुन्हा बघा.” त्यांची बरीच वादावादी झाली. ताई मागे हटल्या नाहीत.

त्या संध्याकाळी माझ्यासाठी उकडलेली रताळी आली, ताक आलं, शेंगदाण्याची आमटी आली. तरन्नुमला दुपारीच पोटभर जेवण मिळालं होतं. ताईंनी एकेका मुलीला बाजूला घेऊन विचारलं, कुणाला काय चालतं, काय नाही, घरी काय आहे. शेवटी माझ्यापाशी आल्या. समोर बसल्या. हात मांडीवर ठेवलेले.

“पद्मजा, गुडघा बघू का? चालेल ना तुला?”

या प्रश्नासाठी मी सगळे दिवस जळत होते. आणि तो आला तेव्हा मला वाटलं, आपल्याला कुणीतरी घराबाहेर ओसरीवर बसवलंय.

“बघा की,” मी म्हटलं.

त्यांनी गुडघा हातात घेतला, हळूच, जपून. दुखतंय का विचारलं. मी नाही म्हटलं. दुखत होतं, पण मी ओरडले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींची निवड झाली. तरन्नुमला पहिल्या तुकडीत घेतलं. मला तिसऱ्या. पोटात अन्न पडलेली तरन्नुम काय पळते ते सगळ्यांनी पाहिलं, त्यामुळे तक्रारीला जागाच नव्हती. शिवाय मी संघात होते, आईला फोन करायला तेवढं पुष्कळ होतं.

फोन करून मी जेवायच्या खोलीच्या दारात आले. सगळ्या पंगतीला बसल्या होत्या. तरन्नुम खिदळत काहीतरी सांगत होती. तिच्या शेजारी संज्योतताई बसल्या होत्या. बोलता बोलता ताईंनी हात लांब केला, तरन्नुमच्या ताटातली अर्धी चपाती न विचारता उचलली, तिच्याच भाजीत बुडवली आणि तोंडात टाकली. “तरे, मीठ कमी आहे गं,” म्हणाल्या.

मग त्यांनी मला पाहिलं आणि घाईने उठून उभ्या राहिल्या. “ये पद्मजा, तुझं ताट मी वेगळं झाकून ठेवलंय,” त्या म्हणाल्या.